कोटातलं गाव

"बाबा, तिथे किल्ला आहे," लेक फोनवर म्हणाली आणि सँटोरिनीचा विषय तिथेच मिटला. हिला खरं म्हणजे ती पांढरी घरं आणि निळे घुमटच हवे होते, कॅलेंडरवर असतात तसे. पण लेक असते म्युनिकला. तिथून ग्रीसच्या रोड्स बेटाला थेट विमान होतं, तिकीट परवडणारं होतं, आणि वर किल्ला. माझं लहानपण रेवदंड्यात गेलं. आमचं गावच आगरकोटाच्या आत वसलेलं. पोर्तुगीजांच्या तटाला टेकून नारळी-पोफळीच्या वाड्या, पडक्या भिंतीवर वाळणारी सुकट, सातखणी मनोऱ्याच्या सावलीत क्रिकेट. किल्ला म्हटलं की माझं मत आमच्या घरात कोणी विचारतच नाही, धरूनच चालतात.

व्हिसाचं पुराण सांगत बसत नाही, ते सगळ्यांचं सारखंच असतं. एक गोष्ट मात्र आधी बघून ठेवा. रोड्ससमोर तुर्कस्तानचा किनारा इतका जवळ आहे, साधारण 18 किलोमीटर, की संध्याकाळी तिकडचे डोंगर स्वच्छ दिसतात. बंदरावर मार्मारिसच्या बोटीच्या पाट्याही लावलेल्या असतात, सकाळी जा, संध्याकाळी या. मला मोह झाला. लेकीने पासपोर्ट उघडून दाखवला: एकदाच प्रवेश. एकदा तिकडे गेलो की परत येता येणार नाही. मग काय, रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून कोर्लई बघायचो तसं तीन दिवस तुर्कस्तान नुसतं बघत राहिलो.

गौरी-गणपती आटोपून निघालो होतो, म्हणजे सप्टेंबर अर्धा उलटलेला. ऊन आपल्या ऑक्टोबरसारखं, पण घाम नाही. पहिल्या दिवशी लेकीने आमच्या सोयीसाठी एका कंपनीची बससहल घेऊन ठेवली होती. सहलीत बेटाची सगळी महत्त्वाची ठिकाणं बघून होणार होती. सव्वाआठला गाडी आमच्या दारात आली आणि पुढचा तासभर ती वेगवेगळ्या हॉटेलांच्या दारात जात राहिली. गाइडबाई हुशार होत्या, इंग्रजी आणि जर्मन आलटून पालटून बोलायच्या. जर्मनमध्ये जोक झाला की अर्धी गाडी हसायची आणि उरलेली अर्धी आपल्या पाळीची वाट बघायची.

मांद्राकी बंदराच्या तोंडाशी दोन खांब आहेत, एकावर हरीण, दुसऱ्यावर हरिणी. जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, तो कोलोसस, इथे पाय फाकवून उभा होता आणि जहाजं त्याच्या पायांखालून जायची, असं चित्र प्रत्येक दुकानातल्या चुंबकावर असतं. ते खोटं आहे, असं गाइडबाईंनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. तेवढी रुंद ढेंग ब्राँझला पेलली नसती. पुतळा कुठे उभा होता याची जागा सापडलेलीच नाही. खरी गोष्ट मला जास्त आवडली. इसवीसनपूर्व 305 मध्ये देमेत्रिओस नावाचा सेनानी बेटावर चालून आला, वर्षभर वेढा घालून बसला, काही जमलं नाही तेव्हा आपली वेढ्याची अवजड यंत्रं टाकून निघून गेला. रोड्सवाल्यांनी ती विकली आणि आलेल्या पैशातून सूर्यदेवाचा सुमारे 33 मीटर उंच पुतळा उभारला. तो पन्नास-साठ वर्षं टिकला. इसवीसनपूर्व 226 च्या भूकंपात गुडघ्यातून मोडून पडला आणि मग कित्येक शतकं तसाच आडवा होता. लोक पडलेला पुतळा बघायला यायचे म्हणे.

"शत्रूच्या भंगारातून देव केला," ही म्हणाली. गाइडबाईंना मराठी येत नसल्याने हे वाक्य सहलीच्या कार्यक्रमात गेलं नाही.

तिथून गाडी आत डोंगराकडे वळली, एप्ता पिगेस, म्हणजे सात झरे. या ठिकाणाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं आणि पूर्ण दिवसातलं तेच सगळ्यात लक्षात राहिलं. पाइनची झाडी, गारवा, खाली वाहतं पाणी. इटालियनांच्या काळात या झऱ्यांचं पाणी पलीकडच्या तळ्यात न्यायला डोंगरातून एक बोगदा खणला. 186 मीटर लांब. त्यातून चालत जाता येतं, पाण्यातूनच. चपला हातात घ्यायच्या आणि शिरायचं.

मी पुढे, मधे ही, मागे लेक. पाणी घोट्यापर्यंत, पण असलं गार की पहिल्या चार पावलांत पाय आपले वाटेनात. दहा-पंधरा पावलांनंतर मागचा उजेड गेला. दोन्ही कोपर भिंतींना घासत होती, डोकं वाकवायला लागत होतं. पुढे कोणीतरी जर्मन आजोबा मोठ्याने आकडे मोजत चालले होते, बहुधा पावलं. मधे एका ठिकाणी वर हवेसाठी भोक ठेवलंय, तिथून उजेडाचा एक गोल पाण्यावर पडला होता. त्या गोलात क्षणभर आजोबांची पांढरी पोटरी दिसली आणि पुन्हा अंधार. हिने माझ्या शर्टाची पाठ मुठीत धरून ठेवली होती. "अहो, समोरून कोणी आलं तर?" असं ती तीनदा म्हणाली. समोरून कोणी येत नाही, एकाच दिशेने जायचं असतं, हे मला माहीत होतं, पण अंधारात माझाही त्यावर पुरता विश्वास नव्हता. बाहेर पडलो तर तळ्याच्या काठावर ऊन, आणि परत वर आल्यावर हॉटेलाच्या टेबलांमधून मोर हिंडत होते. चक्क आपले मोर. पर्यटक त्यांचे फोटो काढत होते. आम्ही नाही काढले.

यानंतर वाटेतल्या एका गावात गाडी थांबली ती मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात. चाकावर एकाने दोन मिनिटांत सुरई काढून दाखवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग दार उघडलं आणि आतमध्ये दुकान. चाळीस मिनिटं. आग्र्याला संगमरवराच्या दुकानात कोंडतात तसंच, फक्त इथे चहाऐवजी सरबत. भांडी सुंदर होती, ते कबूल करतो, निळ्या-हिरव्या रंगातले मासे आणि हरणं. पण ती चाळीस मिनिटं कुठून कापली गेली ते लिंडोसला कळलं. लिंडोस रोड्स शहरापासून सुमारे 50 किलोमीटरवर. बेटाचा मुकुटमणी. आणि आमच्या वाट्याला सव्वा तास.

लिंडोसचं गाव पांढरं आहे, हिला हवं होतं तसं. वर 116 मीटर उंचीचा कडा, कड्यावर अथेना लिंडियाचं देऊळ, आणि देवळाभोवती नाइट लोकांनी, म्हणजे मध्ययुगात बेटावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती लढवय्यांनी, बांधलेला किल्ला. खाली चौकात गाढवं उभी असतात, गावातून दरवाज्यापर्यंत पोहोचवायला. हिचा गुडघा दुखतो म्हणून लेकीने विचारलं, "आई, बसतेस का?" आपल्याकडे गाढवावर बसवून धिंड काढतात, इथे त्याचे युरो घेतात, यावर ही इतकी हसली की गाढववाला आमच्याकडे संशयाने बघायला लागला. ग्रीसमध्ये 2018 पासून नियम आहे, गाढवावर शंभर किलो किंवा त्याच्या वजनाच्या एक-पंचमांशापेक्षा जास्त ओझं घालायचं नाही. काही पाहुणे बघता नियम पाळला जात असेल याची मला खात्री वाटली नाही. मायलेकी खालीच एका कॉफीच्या दुकानात बसल्या आणि मी एकटा पळत सुटलो.

पळत सुटलो हे शब्दशः. घड्याळ बघत पायऱ्या चढलो. शेवटच्या मोठ्या जिन्याच्या आधी डाव्या हाताला खडकातच एक जहाज कोरलेलं आहे, म्हणजे जहाजाची मागची बाजू, वर वळत गेलेली. पिथोक्रितोस नावाच्या शिल्पकाराने इसवीसनपूर्व 180 च्या सुमारास कोरलेली. बहुतेक लोक जिन्याकडे बघत पुढे निघून जातात. मी आमच्या खाडीवर गलबतं दुरुस्त होताना बघत वाढलेला माणूस. लाकूड कसं वाकवतात, फळीला फळी कुठे भेटते, ते बघायची डोळ्याला सवय आहे. त्या दगडातसुद्धा फळ्या वाकलेल्या दिसत होत्या. दहा मिनिटं तिथेच गेली. मग वरचं देऊळ धावतपळत. चार-दोन खांब उभे केलेले, त्यांच्या मधून निळंशार पाणी. खाली जवळजवळ बंद झालेली छोटीशी गोल खाडी, संत पॉल इथे उतरला अशी श्रद्धा असलेली. परत खाली. गाडीत शेवटचा चढणारा मी होतो. गाइडबाईंनी घड्याळ दाखवलं नाही, पण बाकीच्या चाळीस जणांनी दाखवलं.

म्हणून आगाऊपणा करून सांगतो: लिंडोसला सहलीने जाऊ नका. मांद्राकीच्या नव्या बाजारापाशी सरकारमान्य बसगाड्या लागतात, पूर्व किनाऱ्याच्या. सकाळची पहिली पकडा, उन्हाच्या आणि आमच्यासारख्यांच्या आधी वर पोचाल.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कोणाच्याच झेंड्यामागे गेलो नाही. राहायची खोली जुन्या गावात होती, तटाच्या आत. इथे बैठं, जाड भिंतींचं, मधे अंगण असलेलं घर असतं, आणि अंगणात, गल्लीत, चर्चच्या दारात सगळीकडे काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी. त्याला होख्लाकी म्हणतात. समुद्रातले गोटे उभे रोवून बसवलेले. दिसायला रांगोळी, चालायला शिक्षा. पातळ तळव्याच्या चपलेतून प्रत्येक गोटा पायाला आपली ओळख करून देतो. हिने संध्याकाळी बादलीत गरम पाणी घेऊन पाय शेकले.

मी मात्र पहाटे उठून खंदकात गेलो. ही गोष्ट मला त्या सहलीत कोणी सांगितली नव्हती: तटाबाहेरचा पूर्ण खंदक आता बाग आहे, फुकट, आणि सकाळी तिथे कुत्रं फिरवणाऱ्या दोन-चार माणसांखेरीज कोणी नसतं. हा खंदक पाण्याचा नव्हताच, पहिल्यापासून कोरडा. खाली उतरलं की दोन्ही बाजूंना दगड. आत गावाची भिंत, बाहेर खंदकाची. आपल्याकडे किल्ला बघायचा म्हणजे वर चढून खाली बघायचं. इथे खाली उभं राहून वर बघितलं तेव्हा हल्ला करणाऱ्याला काय दिसत असेल ते समजलं. गवतात दगडी तोफगोळे पडलेत, अगदी कलिंगडाएवढे, काही त्याहून मोठे. कोणी गोळा करून ठेवलेले, कोणी तसेच. मी एकावर बसून पाणी प्यायलो.

या तटाची एक गंमत आहे. सेंट जॉनचे नाइट 1309 मध्ये बेटावर आले, ते युरोपभरातून आलेले. त्यांच्या गटांना ते ‘जिभा’ म्हणत, म्हणजे भाषा: फ्रान्सची, प्रोव्हान्सची, ओव्हर्न्यची, इटलीची, इंग्लंडची, अशा. तटाचा कोणता तुकडा कोणत्या भाषेने लढवायचा हे ठरलेलं. आतमध्ये नाइटांच्या रस्त्यावर प्रत्येक भाषेचं स्वतंत्र विश्रामगृह, दारावर आपापली चिन्हं. रस्ता सरळ, चढणीचा, दोन्ही बाजूंना दगडाशिवाय काही नाही. फ्रान्सची इमारत सगळ्यात नटवी. भाषावार प्रांतरचना आपण 1956 ला केली, यांनी भाषावार बुरूज केले होते. मला प्रश्न पडला, रात्री एका बुरुजावरून दुसऱ्याला हाक मारायची तर कोणत्या भाषेत मारत असतील?

1480 मध्ये तुर्कांचा वेढा फसला. 1522 च्या उन्हाळ्यात खुद्द सुलतान सुलेमान आला आणि सहा महिने लढाई चालली. बाहेरून तोफा, खालून सुरुंग. शेवटी डिसेंबरात तह झाला आणि उरलेले नाइट शस्त्रांसकट, सन्मानाने, 1523 च्या पहिल्या दिवशी गलबतांत बसून निघून गेले. पुढे माल्टाला स्थिरावले. चिमाजी अप्पांनी वसईच्या पोर्तुगीजांना सामानसुमानासह जाऊ दिलं होतं, त्याची आठवण झाली. हे सगळं मी नाश्त्याला सांगत होतो. लेक म्हणाली, "बाबा, तुम्हीच झेंडा घ्या हातात."

वरचा राजवाडा बघितला. भव्य आहे, पण कोरा वाटतो, आणि त्याला कारण आहे. 1856 मध्ये साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन तो उद्ध्वस्त झाला होता. आज दिसतो तो बराचसा इटालियनांनी 1937 ते 1940 मध्ये नव्याने उभारलेला, राजा आणि मुसोलिनी यांच्या सुट्टीसाठी. जमिनीवरची प्राचीन मोझेइक, म्हणजे बारीक दगडी तुकड्यांची चित्रं, शेजारच्या कोस बेटावरून उचलून आणलेली. सापांच्या केसांची मेदुसा तिथे आहे, तिच्याभोवती दोरी लावलीय. तुर्कांकडून 1912 मध्ये इटलीने बेट घेतलं आणि 1947 च्या तहाने ते ग्रीसला गेलं. म्हणजे ग्रीसचं हे बेट आधुनिक ग्रीसमध्ये आलं ते आपण स्वतंत्र झालो त्या वर्षी.

खाण्याबद्दल हिला सांगू द्यायला हवं, कारण तीन दिवसांतला मोठा विनोद तिच्यामुळे झाला. ग्रीक भाषेत ‘ने’ म्हणजे हो. आणि ‘ओही’ म्हणजे नाही. मराठी माणसाला याहून मोठा घात नसेल. पहिल्याच खानावळीत आम्ही पितारूदिया मागवले, हे खास रोड्सचे, हरभऱ्याचे, कांदा-टोमॅटो-पुदिना घातलेले तळलेले वडे. हिने एक घास घेतला आणि म्हणाली, "डाळवड्याची चुलत बहीण." मालकीणबाई साठीच्या, इंग्रजी जेमतेम. आणखी एक बशी घेऊन आल्या आणि खुणेने विचारलं, वाढू? ही भुकेली होती. मनापासून म्हणाली, "होय, होय!" बाईंनी तोंड पाडलं आणि बशी घेऊन आत निघून गेल्या. लेक हसून लोळायची बाकी होती. तिने मागे धावत जाऊन बशी परत आणली. नको म्हणताना मात्र ग्रीक माणूस मान जरा वर उडवून ‘च्’ करतो, ते आम्हाला शिकवायला लागलं नाही.

दुसरा धडा सोमवारी मिळाला. सोमवारी ही मांस-मच्छी खात नाही. लेकीने ऑफिसातल्या ग्रीक सहकाऱ्याकडून एक शब्द शिकून घेतला होता, ‘निस्तीसिमो’, म्हणजे उपासाला चालणारं. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. शब्द वापरला, वेटर खुश झाला, आणि घेऊन आला तळलेलं म्हाकूल. त्यांच्या उपासाला रक्त नसलेले समुद्री जीव चालतात! मला आनंदच झाला, माझी बशी दुप्पट झाली. हिने टोमॅटोच्या रश्श्यातले मोठे पांढरे वाल खाल्ले, ते तिला आमच्या बिरड्यापेक्षा कमी प्रतीचे वाटले, पण वाटणारच.

शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही जुन्या गावाच्या पूर्वेकडच्या भागात गेलो. तिथे एका चौकात समुद्री घोड्यांचं कारंजं आहे, आजूबाजूला आइस्क्रीमची दुकानं, आणि झाडाखाली काळ्या दगडाचा एक स्तंभ. चौकाचं नाव ज्यू हुतात्म्यांचा चौक. जुलै 1944 मध्ये जर्मनांनी या बेटावरचे आणि कोसचे सोळाशेहून अधिक ज्यू बोटीत भरून नेले. पुढे रेल्वेने आउश्वित्झच्या मृत्युछावणीत. फार थोडे परतले. तुर्कस्तानचे वाणिज्यदूत सेलाहत्तीन उल्कुमेन यांनी तुर्की नागरिकत्वाचा मुद्दा लावून धरून चाळीसच्या आसपास माणसं सोडवली. तिथून दोन गल्ल्या आत काहाल शालोम सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं देऊळ, 1577 चं. आत त्याच काळ्या-पांढऱ्या गोट्यांची जमीन, वर टांगलेले दिवे, आणि एका पाटीवर संपूर्ण कुटुंबांची आडनावं.

मी आडनावं वाचत उभा राहिलो. वाचता वाचता डोक्यात दुसरीच नावं येत होती: किहीमकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर. रेवदंड्यातही सिनेगॉग आहे. आमच्या लहानपणी बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, घरं उरली होती ती थोडीच. म्हातारी माणसं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायची, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. आमच्या वर्गातला एक मुलगा सातवीनंतर दिसला नाही. "कुठे गेला?" विचारलं तर आई म्हणाली, "गेले ते इस्रायलला, त्यांच्या देशात." जाताना त्याची आई आमच्याकडे पाटा-वरवंटा ठेवून गेली, तो अजून आहे. आमच्याकडून माणसं आपल्या पायांनी गेली, बोटीत बसून हात हलवत. इथली कशी गेली ते त्या स्तंभावर लिहिलंय. तिथल्या काळजीवाहू माणसाने आम्ही कुठले विचारलं. "इंडिया," म्हणालो, आणि माझ्या गावातही असंच एक देऊळ आहे, तटाच्या आत, एवढं तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्याने मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग आतल्या बाकावर बसायला खूण केली. आम्ही तिघंही बसलो, काही न बोलता, पंखा फिरत होता.

परत येताना सोक्रातूस रस्त्यावरच्या एका दुकानात हिला लाकडी पाटावर चौकोनी, जरा तिरक्या कापलेल्या वड्या दिसल्या. मेलेकूनी. तीळ, मध, बदाम, दालचिनी आणि संत्र्याच्या सालीचा वास. लग्नात आणि बारशाला वाटतात. हिने बोट दाखवून विचारलं, "तीळ?" दुकानदारीणबाई हसून म्हणाल्या, "ने, ने."

"ने म्हणतेय," ही माझ्याकडे वळून म्हणाली, "उचला."

अर्धा किलोचं खोकं घेतलं, रीतसर पैसे देऊन. संक्रांतीपर्यंत पुरवायचं असं ठरलं होतं. विमान म्युनिकला उतरायच्या आत हिने ते पिशवीतून काढलं, तळाशी दोन वड्या उरल्या होत्या, आणि खिडकीजवळ लेक निरागस चेहऱ्याने ढग बघत बसली होती.